चार बोटं उंच मिनी

लायल ब्रॅमिच तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्यासमोर कुणी कोरड्या मिनीचं कौतुक केलं, की त्याचं डोकं फिरायचं. होबार्ट शहरातल्या मिनी क्लबात, म्हणजे त्या ठेंगण्या जुन्या मोटारींच्या क्लबात, दोन तट आहेत. कोरडेवाल्यांच्या गाड्या चाकांवरच्या साध्या रबराच्या ठोकळ्यांवर उड्या मारत जातात. ओलेवाल्यांच्या गाड्यांत ठोकळ्यांऐवजी द्रव भरलेले डबे असतात आणि एका बाजूचं पुढचं चाक मागच्या चाकाशी पाइपने जोडलेलं असतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की तिथला द्रव मागे धावतो, मागची बाजूही उचलतो, आणि गाडी आडवीच्या आडवी वर जाते. या एका पाइपवर लायल तासभर बोलू शकायचा, आणि ऐकणारा पळाला नाही तर दोन तास. ओल्यांचा तो पुढारी होता.

त्याची मिनी निळी, पांढऱ्या टपाची, लग्नाच्याही आधीची. लग्नानंतर उजवीकडच्या सीटवर लायल आणि डावीकडच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन ग्लेनिस, हे ठरूनच गेलेलं. क्लबाची दरवर्षीची शरदातली फेरी दोघांनी कधी चुकवली नाही. नकाशा लायलच्या हाती द्यायची सोय नव्हती. एकदा ती माहेरी गेलेली असताना हा पठ्ठ्या एकटा निघाला आणि सिग्नेट गावाऐवजी थेट डोव्हरला जाऊन समुद्र बघत बसला.

ग्लेनिस निवृत्त होईपर्यंत शहराच्या बस चालवत होती. ठेंगणीठुसकी बाई, पण स्टिअरिंगमागे बसली की अख्खा डोंगरउतार तिच्या मुठीत. मग तिचा खुबा गेला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण खाली बसायचं आणि खालून उठायचं म्हटलं की पाय ऐकेना. किंग्स्टनच्या पेट्रोल पंपावर एकदा ती मिनीतून उतरेचना. दोन अनोळखी तरुणांनी काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. ती त्यांच्याबरोबर हसली, त्यांचे आभार मानले, आणि घरी येऊन किटली ठेवता ठेवता म्हणाली,

"लायल, ज्या गाडीतून माझं मला उतरता येत नाही, त्या गाडीत मी बसायची नाही. विषय संपला."

आणि ग्लेनिसने विषय संपला म्हटलं की तो संपायचा.

त्यातच मिनीनेही हाय खाल्ली. डावीकडचा डबा गळायला लागला आणि एका सकाळी गाडी दमलेल्या गाईसारखी एका अंगावर बसलेली दिसली. तसे डबे आता कुठे मिळत नव्हते.

"कॉलला देऊन टाक," ग्लेनिस म्हणाली. कॉल म्हणजे कोरडेवाल्यांचा म्होरक्या. त्याचा या निळ्या गाडीवर किती वर्षांपासून डोळा होता. "तो तिला नीट ठेवील."

"कॉल तिच्यात रबर घालेल!"

"मग घालू दे. तुझ्याच्याने डावी बाजू वर होईना, माझ्याच्याने खाली बसवेना. फेरीपर्यंत थांबते. तोवर मी तिच्यात बसले नाही, तर फेरीच्या दुसऱ्या दिवशी गाडी कॉलच्या दारात."

लायलने मान हलवली. गाडी जाईल याचं त्याला वाईट वाटत होतंच. पण खरी गोष्ट ही, की डावीकडची रिकामी सीट त्याला बघवायची नाही, आणि हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात सिग्नलला त्याच्या शेजारी एक जांभळी पिकअप येऊन उभी राहिली. उभी राहिली कसली, रस्त्यावर झोपली. फुस्स करून तिचं पोट डांबराला टेकलं, आणि हिरवा दिवा लागताच ती उठून चालू लागली. असल्या गाड्यांना क्लबात लोक नाकं मुरडतात, लायलही मुरडायचा. त्या दिवशी मात्र तो तिच्या मागे मागे मूना भागापर्यंत गेला.

पिकअपची मालकीण टॅरिन तिथे वर्कशॉप चालवत होती. दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदलेलं, केस पेटवलेल्या शेगडीच्या रंगाचे. लायलने गाडीची आणि बायकोची हकीकत एका दमात सांगितली. ऐकून तिने हातातला पाना खाली ठेवला.

"थांब. माझ्याकडे जो येतो तो म्हणतो, गाडी जमिनीला टेकव. तुला वर करायची आहे?"

"चार बोटं वर. ती बसेपर्यंत. मग खाली."

"म्हाताऱ्या, तू तर लाख माणूस निघालास," टॅरिन म्हणाली आणि तिने टेबलावर सामान मांडायला सुरुवात केली. मिनीच्या चाकांवर बसतील असे मुठीएवढे रबरी फुगे. हवा भरणारा काँप्रेसर. हवा साठवायची टाकी. हवा आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. काळ्या पाइपची वेटोळी.

"चार फुगे, चार व्हॉल्व्ह, चार वेगळ्या लाइनी," ती म्हणाली.

"चार कशाला? दोन पुरेत. डावीकडचे पुढचे-मागचे एकत्र, उजवीकडचे पुढचे-मागचे एकत्र."

"का म्हणून?"

"कारण मिनीत तसंच असतं."

"ते पाण्याच्या मिनीत. ही हवा आहे, लायल."

"पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हे पाइप टाकतोय."

टॅरिनने दोन्ही हात वर केले. "गाडी तुझी. पण मी सांगितलं नाही असं म्हणू नकोस."

आता यात लायलचं चुकलं म्हणावं तर चाळीस वर्षं ज्याची भक्ती केली त्याच देवाला तो फूल वाहत होता. ओल्या मिनीच्या माणसाला पुढचं चाक मागच्याला जोडल्याशिवाय चैनच पडत नाही. त्याने ते जोडलं, आणि इतकं सुबक जोडलं की टॅरिननेही वाकून बघितलं.

गाडी घरी आणली. ग्लेनिसला त्याने अंगणात बोलावलं आणि बटण दाबलं. काँप्रेसर घुरघुरला आणि मिनी दोन्ही अंगांनी हळूहळू वर आली. ग्लेनिस दाराकडे पाठ करून टेकली आणि वळून एकेक पाय आत घेतला. कुणी हात लावला नाही.

"हं," ती म्हणाली. "पार्कातल्या बाकाएवढी केलीस की!"

लायलला आनंद मावेना. तो उड्या मारतच पलीकडे जाऊन बसला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जमतील तेवढ्या. गाडी खाली घेतली, आणि दोघं मॅक्वेरी रस्त्याच्या उताराला लागली.

पहिल्या सिग्नलला त्याने ब्रेक दाबला आणि मिनीने नाक जमिनीत खुपसलं. पुढच्या फुग्यांमधली सगळी हवा पाइपातून मागे पळाली आणि मागची बाजू बदकासारखी वर झाली. ब्रेक सोडला तशी हवा पुन्हा पुढे. द्रव बिचारा जरासाच सरकतो आणि थांबतो, हवेला कसलं आलंय भान. पुढे, मागे, पुढे, मागे. एका गतिरोधकावर तर गाडीने इतके झोके खाल्ले की फुटपाथवरचा एक कुत्रा भुंकायला लागला. ग्लेनिसने एका हाताने समोरचा डॅशबोर्ड धरला होता आणि दुसऱ्याने खुबा.

"थांबव."

"आता होईल गं ठीक, जरा हवा..."

"लायल, थांबव. तिथे, स्टॉपवर."

त्याने थांबवली. तिने गाडी वर करायला लावली, आपली आपण उतरली, रस्ता ओलांडला, आणि समोरून आलेल्या बसला हात करून तिच्यात चढली. बस निघून गेली. लायल मिनीत बसून राहिला, आणि मिनी अजून थोडी थोडी डोलतच होती.

तो घरी पोचला तेव्हा ग्लेनिस बटाटे सोलत होती. बोलावं की न बोलावं, असं करत तो दारात उभा राहिला.

"बसमध्ये कोण होता माहितेय?" तीच म्हणाली. "तो केंझी. मी शिकवलेला. मला बघून त्याने हवा सोडून बसची दाराकडची बाजू खाली वाकवली, मी सीटवर टेकेपर्यंत आरशात बघत थांबला, आणि मगच निघाला. मी शिकवताना रोज घोकून घ्यायचे त्याच्याकडून. प्रवासी बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"हवा चुकली माझी," लायल म्हणाला.

"हवा नाही चुकली. हवेवर मी अर्धं आयुष्य काढलंय. त्या बस काय दगडांवर चालतात असं वाटलं तुला?"

 त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. बायको बस चालवते हे त्याला ठाऊक होतं, बसच्या खाली काय असतं हेही ठाऊक होतं, पण या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. बसला तो कधी गाडी समजलाच नव्हता.

"उद्या मला त्या मुलीकडे घेऊन चल," ग्लेनिस म्हणाली. "बसने जाऊ."

मूनाच्या वर्कशॉपमध्ये टॅरिनने तिला उंच स्टूल दिलं. ग्लेनिसने पर्स मांडीवर ठेवली आणि टेबलावरचं सामान एकेक करून हातात घेऊन बघायला लागली. तिला एकाही वस्तूचं नाव धड येत नव्हतं. पण त्या वस्तूने आतल्या माणसाचं काय होतं, ते ती सांगत होती, आणि लायल दाराला टेकून ऐकत होता.

"हा फुसफुस करणारा, हा किती जोरात सोडतो?"

टॅरिनने अभिमानाने व्हॉल्व्ह हवेला जोडून दाखवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. "डोळा मिटायच्या आत गाडी खाली. लोक यासाठीच माझ्याकडे येतात."

"येईनात का. मला हा नको. पाय ठेवला आणि जमीन सटकली, की म्हातारं माणूस पुन्हा त्या गाडीत पाय ठेवत नाही. हळू खाली जाणारा दे. पिठाचा डबा फळीवरून उतरवतो ना, तसा."

टॅरिनने छोटा व्हॉल्व्ह काढला आणि बारीक पाइप काढला. ग्लेनिसने दुसऱ्यांदा वाजवून बघितला आणि मान हलवली.

"आणि चारही चाकांची हवा वेगळी. एकाची हवा दुसऱ्याला मिळता कामा नये. ब्रेक मारला की उभे असलेले चाळीस लोक माझ्या पाठीवर येतात, तेव्हा हवेनेही पळायचं ठरवलं तर संपलंच."

टॅरिनने लायलकडे बघितलं. लायलने छताकडे बघितलं.

"मग हे काटे बसवू," टॅरिन म्हणाली, "प्रत्येक फुग्यात किती हवा आहे ते दाखवणारे."

"मला हवा किती ते कळून काय करायचंय? मी एकटी असले तर कमी लागेल, हा पुडिंग खाऊन बसला तर जास्त. मला उंची कळली पाहिजे. बसच्या चाकापाशी एक दांडा असायचा, गाडी दबली की तो कलायचा आणि आपोआप हवा घ्यायची. तसलं काही नाही तुझ्याकडे?"

टॅरिन उठून मागच्या खोलीत गेली आणि धूळ झाडत एक खोका घेऊन आली. "आहे. महागडा शौक म्हणून कुणी घेत नाही. सगळ्यांना गाडी खालीच न्यायची असते, उंची कोण मोजतं?" तिने खोका उघडता उघडता विचारलं, "ग्लेनिस, तू माझ्याकडे कामाला येतेस का?"

"स्टूल बरंय तुझं. बघते विचार करून."

मग टाकी मोठी घेतली. उतरताना काँप्रेसर घुरघुरायला नको म्हणून. "मी उतरतेय हे अख्ख्या गावाला कळायची गरज नाही," असं ग्लेनिस म्हणाली तेव्हा मात्र टॅरिन हसली नाही. गाडी वर असताना हलली तर पुढची चाकं फिरवणारे शाफ्ट तुटतील असं तिने सांगितलं, तर ग्लेनिस म्हणे, बसचं दार उघडं असलं की बस हलत नाही, तसंच काहीतरी कर. टॅरिनने बटण हँडब्रेकला बांधायचं ठरवलं. ब्रेक ओढलेला असेल तरच गाडी वर जाईल.

लायलला राहवेना. त्याला बायकोचा इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. इतकी वर्षं ही बाई मांडीवर नकाशा घेऊन शेजारी बसली, आणि तिला आपल्या चार चाकांबद्दल एक शब्द आपण विचारला नाही! "बटण तिच्या दाराला लाव, टॅरिन," तो म्हणाला. "हाताशी राहील तिच्या."

"दाराला नको," ग्लेनिस म्हणाली. "मधे लाव. त्या मोठ्या मीटरखाली."

"मधे कशाला? तुला वाकावं लागेल."

"मधेच लाव," ती टॅरिनला म्हणाली, आणि पर्स उचलून उभी राहिली.

चार लाइनी लायलनेच टाकल्या, आणि एकीला दुसरी कुठेही शिवू दिली नाही. सरकारमान्य इंजिनिअर येऊन गाडीखाली झोपला, बाहेर आला, पुन्हा झोपला आणि शेवटी सही करून गेला. मॅक्वेरीच्या उतारावर ग्लेनिसने स्वतः सांगून सांगून ब्रेक मारायला लावले. मिनी पाटावर बसल्यासारखी सरळ थांबत होती. घरी आल्यावर तिने कपाटातून नकाशा काढून टेबलावर ठेवला, आणि लायल मागच्या अंगणात जाऊन जरा वेळ नाक शिंकरत राहिला.

फेरीच्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि डोंगरावर थोडा बर्फ. जमल्या जागी सगळ्यात आधी कॉल आला.

"काय रे, पाण्याचा भक्त हवेत गेला म्हणे?"

"तुझं रबर सांभाळ," लायल म्हणाला. "दात वाजतायत तुझे अजून."

सगळ्या मिनी ह्युऑन नदीच्या काठाने गेल्या आणि फ्रँकलिनला हॉलपाशी चहासाठी थांबल्या. आता इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. मिनीवाले तरुण होते तेव्हा गाडी थांबायच्या आत बाहेर पडायचे. हल्ली गाड्या थांबतात, इंजिनं बंद होतात, आणि कुणीच उतरत नाही. कुणी डॅशखालच्या फळीवर काहीतरी शोधतो, कुणी आरसा पुसतो, कुणी इंजिन थंड होतानाचा आवाज ऐकतो. बघणाऱ्यांच्या नजरा दुसरीकडे वळल्या की मग एकेक जण दाराची चौकट पकडून, ओठ दाबून, स्वतःला बाहेर काढतो. याबद्दल क्लबात कुणी बोलत नाही. कोरडेही नाही आणि ओलेही नाही.

ग्लेनिसने बटण दाबलं. कसलाही आवाज न होता मिनी चार बोटं वर आली. तिने दार उघडलं, पाय बाहेर ठेवले, उभी राहिली, कोट खाली ओढला आणि ताठ मानेने हॉलकडे चालू लागली. गाड्यांच्या त्या रांगेतून सगळ्यांच्या आधी ती बाहेर आली होती. काचांमागे बसलेले म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. कॉलचा आरसा पुसणारा हात तसाच थांबला.

लायल मिनीतच होता. "इंजिन ऐकतोय," असं तो तिला म्हणाला होता. गेली काही वर्षं तो हे घरीसुद्धा म्हणायचा, अगदी गॅरेजमध्येही. तिने हुं म्हटलं होतं. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुणी बघत नाहीसं पाहिलं आणि चौकट धरून गुडघे सोडवत बाहेर आला. गाडी वरच होती, तरी बटणाचा उपयोग आपल्यालाही झाला हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बरं पडलं आज, एवढंच त्याला वाटलं.

चहा झाला, शिंपल्यांचं सारण भरलेले पॅटिस झाले. कॉल दोनदा लायलपाशी येऊन काहीतरी विचारावंसं करून परत गेला. तिसऱ्यांदा त्याने हळूच विचारलं, "ती मूनाची पोरगी... कोरड्या गाड्यांचं काम घेते का?"

परत निघायच्या वेळी लायल बाहेर आला, तर ग्लेनिस मिनीच्या उजव्या दारापाशी उभी.

"चावी."

"कशाला?"

"कशाला काय? चालवायला."

एवढ्या वर्षांत त्याने ही गाडी कुणाला चालवू दिली नव्हती. बसवाल्यांचा हात जड असतो, असं तो म्हणायचा. "अगं, पण तू तर नकाशा..."

"अख्खं होबार्ट माझ्या मागे बसून गेलंय, लायल. तू तेवढा राहिलायस."

आजूबाजूला सगळे मिनीवाले उभे होते. लायलने चावी दिली. ती उजवीकडे बसली, सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, गाडी खाली घेतली. तो डावीकडे गेला आणि दार उघडून उभा राहिला. या बाजूने तो आपल्या मिनीत कधी शिरलाच नव्हता. सीट फार खाली होती. पकडायला ओळखीचं काही नव्हतं. त्याने नेहमीसारखं इकडेतिकडे बघितलं, कुणाच्या नजरा आहेत का म्हणून. सगळ्यांच्या होत्या.

त्याच्या हाताखाली दार वर आलं. हळू, बिनआवाजाचं, चार बोटं. ग्लेनिस त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर समोर रस्त्यावर होती, आणि एक बोट मोठ्या मीटरखालच्या बटणावर. त्याच्या त्या इंजिन ऐकण्यामागचं कारण तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

लायल दाराकडे पाठ करून टेकला, वळला आणि एकेक पाय आत घेतला. दार लावलं. पट्टा बांधला. इंजिन सुरू होतं, पुढच्या गाड्या निघून गेल्या होत्या, तरी मिनी जागची हलली नाही.

"बसलास?"

"बसलो."

"नीट?"

"नीट गं," तो म्हणाला.

मग तिने बटण खाली केलं, गाडी टेकेपर्यंत थांबली, आणि हँडब्रेक सोडला.